हरणाच्या शिकारीत ओझोन यंत्राने माणसाचा वास खरंच लपतो का?

दरीकाठ | २४ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, पण इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत आणि मागे रानडुकरांच्या धाग्यावर दोन-तीन शिकारी भेटले होते, म्हणून विचारतो.

मी विस्कॉन्सिनच्या नैऋत्य भागात, व्हिरोक्वाच्या जवळ राहतो. हा ड्रिफ्टलेस भाग. शेवटच्या हिमयुगातल्या हिमनद्या इथून फिरल्याच नाहीत, त्यामुळे चहूकडे सपाट मुलूख आणि मधेच हा उभ्या टेकड्यांचा, अरुंद घळींचा पट्टा. माझं बालपण पाटण तालुक्यात गेलं. इथे पहिल्यांदा आलो तेव्हा गावी आल्यासारखं वाटलं होतं.

शेजारच्या आजोबांनी मला धनुष्य धरायला शिकवलं. हा माझा तिसरा हंगाम. सप्टेंबरच्या मध्यावर धनुष्याचा मोसम सुरू होतो. मी रायफल घेत नाही, कंपाउंड बो, म्हणजे कप्प्या लावलेलं धनुष्य वापरतो. माझा खात्रीचा पल्ला २५ यार्ड, त्यापलीकडे मी बाण सोडत नाही. म्हणजे हरीण अगदी अंगणात यावं इतकं जवळ यायला हवं.

गेल्या ऑक्टोबरमधली एक संध्याकाळ डोक्यातून जात नाही. ओकच्या झाडावर १८ फुटांवर मचाण. एक मादी, मागे दोन पाडसं आणि त्यांच्याही मागे झुडपात एक मोठा नर. मादी ३५ यार्डांवर आली आणि एकदम थबकली. मान वर, कान पुढे. पुढचा खूर जमिनीवर आपटला, एकदा, दोनदा. मग नाकातून असा फुत्कार सोडला की सगळी घळ दणाणली. पांढरी शेपटी उभी, आणि क्षणात चौघंही गायब. मी हललो नव्हतो. तिला मी दिसलो नव्हतो, वास लागला होता.

परवा दुकानात ओझोन यंत्र पाहिलं. दोन प्रकार आहेत. एक पेटीत किंवा मोठ्या पिशवीत लावायचं, कपडे-बूट आत ठेवून अर्धा-पाऊण तास चालवायचं. दुसरं बॅटरीवर चालणारं, मचाणावर डोक्याच्या वर टांगायचं. ते वाऱ्याच्या दिशेने ओझोन सोडत राहतं आणि माणसाचा वास वाटेतच नष्ट होतो, असं विक्रेता म्हणाला. किंमत साडेचारशे डॉलर.

घरी रोज फोडणी असते, हिंग असतो, सकाळी उदबत्ती असते. शिकारीचे कपडे मी गॅरेजमध्ये ठेवतो, बिनवासाच्या साबणाने धुतो. तरी वास लागलाच. हे यंत्र घ्यावं का? कुणी वापरलं आहे का?

---

उत्तरवारा | २४ ऑगस्ट

मी वापरतो. पेनसिल्व्हेनिया, तिसरं वर्ष. टांगायचंच यंत्र आहे माझ्याकडे.

ते डोक्याच्या दीड-दोन फूट वर, खाली झुकवून, वारा जिकडे जातो तिकडे तोंड करून लावायचं. दिशा बदलली की फिरवायचं. गेल्या वर्षी वाऱ्याच्या खालच्या अंगाला दोन माद्या आल्या, वीस मिनिटं एकोर्न (ओकची फळं) खात होत्या, मान वर केली नाही. त्याआधीच्या वर्षी तसंच एका तरण्या नराचं. यंत्र नव्हतं तेव्हा असं कधी झालं नव्हतं. माझ्या मते पैसे वसूल आहेत. बॅटरी थंडीत लवकर उतरते, एक जादा ठेवा.

---

ओझरकर | २५ ऑगस्ट

दरीकाठ, मी शिकारी नाही. घरातल्या हवेच्या रसायनशास्त्रात काम करतो आणि ओझोन हा माझा रोजचा विषय आहे. त्यामुळे यंत्राच्या आत आणि बाहेर काय होतं तेवढंच सांगतो, पण जरा सविस्तर सांगतो, कारण या गोष्टीवरून लोकांचे पैसे आणि फुफ्फुसं दोन्ही जातात.

आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन. तिसरा अणू सुटायला टपलेला असतो. यंत्रात जास्त दाबाची वीज हवेतून सोडतात, ऑक्सिजन तुटतो आणि ओझोन बनतो. विजा कडाडल्यावर किंवा जुन्या झेरॉक्स मशीनजवळ येणारा तो तिखट वास याचाच. १८४० च्या सुमारास शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने त्याला नाव दिलं तेही ग्रीक भाषेतल्या 'वास येणे' या क्रियापदावरून. म्हणजे वास घालवायला जे आणता, त्याचं नावच वासावरून पडलं आहे. आपल्या नाकाला तो अगदी थोडा असला तरी कळतो. हरणाला कळत नसेल असं मानायला मी तयार नाही.

आता मुख्य मुद्दा. ओझोन सगळ्या वासांवर सारखा तुटून पडत नाही. ज्या रेणूंत कार्बन-कार्बन दुहेरी बंध असतो, त्यांच्याशी तो झटपट जुळतो. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन, पाइनच्या झाडातलं पायनीन, आपल्या कातडीच्या तेलातलं स्क्वालीन ही तशी उदाहरणं. पण घामट मोज्यांना जो वास येतो तो मुख्यतः आयसोव्हॅलेरिक आम्लाचा. त्यात असा बंध नाही. ओझोन त्याच्या शेजारून निघून जातो.

आणि जिथे जुळतो तिथेही वेळ लागतो. समजा हवेत ०.१ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ०.१ भाग, ओझोन आहे. अमेरिकेत आठ तासांच्या कामासाठी ही वरची मर्यादा आहे. एवढ्या ओझोनमध्ये लिमोनीन निम्मं व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात. तुमची मादी ३० यार्डांवर आहे, वारा सेकंदाला दोन मीटर, अगदी हलका. तुमचा वास तिच्या नाकापर्यंत पोचायला चौदा सेकंद. तेवढ्यात लिमोनीनमधला शंभरातला एक भागही जात नाही. ओझोन दहापट केला तरी सहा-सात भाग जातील, उरलेले त्र्याण्णव तिच्या नाकात. आणि लिमोनीन तर जुळणाऱ्यांपैकी आहे. शिवाय उघड्यावर यंत्रातून निघालेला ओझोन हातभर अंतरात विरळ होत जातो.

श्वासाचं काय, तेही बघा. लसणाची चटणी खाल्ली की त्यातला एक गंधकयुक्त घटक रक्तातून फुफ्फुसात येतो आणि कित्येक तास उच्छ्वासातून बाहेर पडत राहतो. मचाणावर बसलेला माणूस म्हणजे वासाचा न थांबणारा झरा. त्यावर चौदा सेकंदांत काही करता येत नाही.

---

दरीकाठ | २५ ऑगस्ट

इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. मग पिशवीतलं यंत्रही वाया का? तिथे तर अर्धा तास मिळतो.

---

ओझरकर | २५ ऑगस्ट

नाही, पिशवीची गोष्ट वेगळी. जागा बंद, ओझोन दाट, वेळ भरपूर आणि कपड्यातून नवा घाम येत नाही. तिथे काही वास खरोखर कमी होतात. आग लागून गेलेल्या घरातला किंवा सिगारेटच्या खोलीतला वास काढायला ओझोन वापरतात ते याच तत्त्वावर, माणसं बाहेर काढून.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, कातडीच्या तेलावर ओझोनची क्रिया झाली की ते नाहीसं होत नाही, त्याचे तुकडे होतात. डेकॅनाल, थोडं फॉर्माल्डिहाइड, असे. म्हणजे एक वास जाऊन दुसरा येतो. दुसरी, नैसर्गिक रबर हे दुहेरी बंधांनीच भरलेलं असतं. ओझोनमध्ये ताणलेल्या रबराला भेगा पडतात. जुन्या टायरच्या कडेला दिसतात त्याच. रबरी बूट, इलॅस्टिक, धनुष्याच्या पीप साइटची (नेम धरायच्या छिद्राची) रबरी नळी, हे पिशवीत घालू नका. आणि मचाणावर बांधायचा सुरक्षेचा पट्टा तर कधीच नाही.

---

सदाफुली | २६ ऑगस्ट

ओझरकरांनी फुफ्फुसांचा उल्लेख केला आणि पुढे गेले. मी तिथेच थांबते. ओहायोत श्वसनविकारांच्या विभागात नर्स आहे, बारा वर्षं.

ओझोन वर आकाशात असतो तेव्हा अतिनील किरण अडवतो. नाकाजवळ असतो तेव्हा तो श्वासनलिकेचं अस्तर जाळतो. थोड्या प्रमाणातही घसा खवखवणे, खोकला, छातीत दुखणे, श्वास अपुरा पडणे. दमा असेल तर झटका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अगदी स्पष्ट लिहिलं आहे की आरोग्याला सुरक्षित मर्यादेत राहिला तर ओझोन घरातल्या हवेतलं प्रदूषण काढायला फारसा उपयोगी नाही. उलटं वाचा: वास मारण्याइतका ओझोन असेल तर तो तुमच्यासाठीही जास्तच आहे. कॅलिफोर्नियात घरात वापरायच्या हवाशुद्धी यंत्रांवर ०.०५० पीपीएमची मर्यादा आहे, २०१० पासून लागू.

दरीकाठ, तुम्ही दिवसाला चार-पाच तास डोक्यावर ते यंत्र टांगून बसणार. उत्तरवारा, तुम्ही तर तीन वर्षं बसताय. यंत्राचं तोंड खाली झुकवलेलं असतं. वारा पडला की ओझोन कुठे जाणार? थेट तुमच्या चेहऱ्यावर. हंगामात खोकला असतो का तुम्हाला?

आणि कृपा करून हे लपून बसायच्या कापडी तंबूसारख्या बंद ब्लाइंडमध्ये किंवा गाडीत माणूस बसलेला असताना लावू नका. गॅरेजमध्ये पिशवी लावणार असाल तर दार उघडं, मुलं आत नकोत, कुत्रं नको. पिशवी उघडल्यावर निदान अर्धा तास तिथून लांब राहा.

---

उत्तरवारा | २६ ऑगस्ट

ताई, खोकला असतो. मी तो थंडीचा समजत होतो.

---

शाकंभरी | २७ ऑगस्ट

विषयांतर होतंय हे कळतं आहे, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. इतकं सगळं एका मुक्या जनावराला फसवून मारण्यासाठी? आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली याचा मला अभिमान आहे.

---

पाऊलवाट | २७ ऑगस्ट

शाकंभरीताई, प्रश्न योग्य आहे आणि त्याला बगल देणार नाही. मी मिशिगनमध्ये सोळा वर्षं शिकार करते. आपल्याकडचा कायदा योग्यच आहे, आणि मी भारतात असते तर त्याच्या बाजूने उभी राहिले असते.

इथली परिस्थिती दुसऱ्या टोकाची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांढऱ्या शेपटीचं हरीण अमेरिकेत पाच लाखांच्या आत आलं होतं, बाजारासाठी केलेल्या कत्तलीमुळे. मग कायदे आले, मोसम ठरले, परवाने आले. आज ती संख्या तीन कोटींच्या आसपास आहे. लांडगे आणि कूगर (मोठं रानमांजर) बहुतेक भागातून आपणच संपवले, त्यामुळे त्यांना आवर घालणारं कुणी उरलं नाही. माझ्या घराजवळच्या जंगलात हातभर उंचीची कोवळी झाडं शोधून सापडत नाहीत, सगळी खाल्लेली असतात. रात्री रस्त्यावर धडकून मरणारी हरणं मी दर आठवड्याला पाहते, काही तासन्‌तास तडफडतात. मी वर्षाला एक मादी मारते. आम्ही दुकानातलं मटण-चिकन आणत नाही. तुम्हाला ते पटावं असा आग्रह नाही. पण पंचवीस यार्डांवरून स्वच्छ बाण लागावा, जनावराने तडफडू नये, यासाठीच जवळ येऊ देण्याची ही सगळी धडपड आहे.

आता दरीकाठ, तुमच्या ओकच्या झाडाकडे येते, कारण माझ्या मते तुमचा घोटाळा वासात नाही, जागेत आहे.

तुम्ही घळीत बसला होता. संध्याकाळ होती. डोंगराळ भागात सकाळी ऊन चढलं की हवा तापून उताराने वर सरकते. संध्याकाळी ऊन गेलं की तीच हवा गार होऊन, पाण्यासारखी, घळीतून खाली वाहते. हवामानाच्या ॲपवर पश्चिमेचा वारा लिहिलेला असला तरी घळीत शेवटच्या तासाला हवा खालीच जाते. तुमची मादी खालून वर येत होती का?

---

दरीकाठ | २७ ऑगस्ट

होय. खालच्या ओढ्याकडून. आणि मी तिच्या थेट वर बसलो होतो.

---

पाऊलवाट | २७ ऑगस्ट

मग तुमचा वास ओढ्यासारखा वाहत तिच्या नाकात गेला. साडेचारशे डॉलरचं यंत्र त्याला अडवू शकलं नसतं.

एक बिनपैशाची गोष्ट सांगते. रस्त्याच्या कडेला मिल्कवीड उगवतं ना, मोनार्क फुलपाखरं ज्यावर अंडी घालतात ते? ते आपल्या रुईच्याच जातकुळीतलं. सप्टेंबरच्या शेवटी त्याच्या शेंगा वाळायला लागतात. आतमध्ये रेशमी केसांचं बी, लहानपणी आपण जिच्या मागे धावायचो ती म्हातारी. चार-पाच शेंगा फुटायच्या आधी तोडून खिशात ठेवा. मचाणावर बसलात की दर दहा मिनिटांनी एकेक म्हातारी सोडा आणि नजर जाईल तिथपर्यंत बघत राहा. वारा बघायच्या पावडरची बाटली दाबली तर ती दहा फुटांवर दिसेनाशी होते. म्हातारी ६०-७० यार्डांपर्यंत दिसते. ती कुठे वर चढते, कुठे गोल फिरते, कुठे झाडामागे खाली बसते, तसाच तुमचा वास जातो. एका संध्याकाळी जे कळेल ते मला सांगायला शब्द अपुरे आहेत.

---

निंबाचीसावली | २८ ऑगस्ट

नागपूरहून. शिकारीशी संबंध नाही, पण मचाणाशी आहे. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यावरच्या मचाणांवर निसर्गप्रेमींना बसू देतं, तेव्हा मी मेळघाटात चार वेळा बसले आहे. सूचनांत पहिलं हेच असतं: मातकट कपडे, अत्तर-सेंट नाही, डास पळवायचं मलम नाही.

एका रात्री सांबराची मादी पाणवठ्यापासून पन्नास पावलांवर आली, आणि तेवढ्यात झुळूक आमच्या पाठीमागून आली. ती दीड तास तिथेच उभी होती. तहानलेली होती, दिसत होतं. अधूनमधून पाय आपटायची, एकदा ओरडली. वारा फिरल्यावरच पाण्याला तोंड लावलं. सोबत आलेले वनमजूर काका एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी दुसऱ्या मचाणावर बसू, हे मे महिन्यात वाऱ्याला चुकीचं पडतं. दरीकाठ, तुमच्या मादीचं वर्णन वाचून ती रात्र आठवली.

---

मुळामुठा | २९ ऑगस्ट

मधेच एक प्रश्न. मी एच-वन-बी वर आहे, टेक्सासमध्ये. आम्हाला शिकार करता येते का?

---

पाऊलवाट | २९ ऑगस्ट

केंद्राच्या कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे, पण वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. धनुष्य त्या कायद्यातल्या बंदुकीच्या व्याख्येत येत नाही. राज्याचे नियम वेगळे, आणि व्हिसाचा प्रश्न आहे म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय बंदुकीला हात लावू नका. सुरुवात करायची तर आधी हंटर एज्युकेशनचा वर्ग करा. दरीकाठांच्या विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो बंधनकारकच आहे. उगाच सक्ती वाटते, पण मी त्या वर्गात शिकलेलं रोज वापरते.

---

उत्तरवारा | ३० ऑगस्ट

ओझरकर, तुमचं गणित मी तीन वेळा वाचलं. चूक काढता येत नाही. पण मी त्या माद्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. वारा माझ्याकडून त्यांच्याकडे होता.

---

ओझरकर | ३० ऑगस्ट

तुम्ही पाहिलं त्यावर माझा विश्वास आहे. प्रश्न एवढाच की यंत्र नसतं तर काय झालं असतं. २० फूट उंचीवरून वास कधी कधी हरणाच्या डोक्यावरून निघून जातो. आणि शेतावर रोज माणसांचा वास घेणारी हरणं शांतही असतात.

तुमच्याकडे तीन वर्षांचा अनुभव आहे, तर एक करून पाहा. या मोसमात मचाणावर चढायच्या आधी नाणं उडवा. छापा आला तर यंत्र चालू, काटा आला तर बंद, पण टांगलेलं राहू द्या. वाऱ्याच्या खालून आलेलं प्रत्येक हरीण वहीत लिहा: किती अंतरावर, दचकलं की नाही. नाणं मोडायचं नाही, मनात काहीही आलं तरी. सदाफुलीताईंच्या सूचनेप्रमाणे, खोकला आला की यंत्र बंद आणि प्रयोगही बंद.

२००२ साली शोधकुत्र्यांवर असाच एक अभ्यास झाला होता, वास शोषणाऱ्या कार्बनच्या कपड्यांबद्दल. कुत्र्यांनी ते कपडे घातलेली माणसंही शोधून काढली. फरक पडला तो हवामानामुळे, कपड्यांमुळे नाही.

---

उत्तरवारा | ३१ ऑगस्ट

करतो. वही घेतली.

---

दरीकाठ | ६ ऑक्टोबर

उशिरा लिहितोय, पण रोज काहीतरी नवं कळत होतं.

टांगायचं यंत्र घेतलं नाही. एका मित्राकडून पिशवीतलं उसनं आणलं, गॅरेजच्या दाराबाहेर चालवलं. जॅकेटचा फोडणीचा वास गेला, हे खरं. त्याऐवजी एक वेगळाच तिखट वास बसला, तो दोन दिवस उन्हात टांगल्यावर गेला. मग वाटलं, उन्हात टांगूनच काम होतंय तर पिशवी कशाला? परत दिली. आता कपडे अंगणाच्या टोकाला सीडरच्या फांदीवर टांगतो आणि रानात पोचल्यावर घालतो. धुताना कपडे उजळ करणारी पावडर टाळतो, कारण हरणांना निळ्या रंगाकडचा उजेड आपल्यापेक्षा ठळक दिसतो हे आजोबांनी सांगितलं. नारिंगी रंग त्यांना मळकट दिसतो म्हणे, म्हणून रायफलच्या मोसमात तो घालायला हरकत नसते.

आणि म्हातारी. पाऊलवाटताई, काय सांगू. रोज संध्याकाळी पाच वाजता मचाणावरून सोडत होतो. साडेपाचपर्यंत ती ॲपच्या वाऱ्याबरोबर पूर्वेला जाते. पावणेसहाला जागेवर घुटमळते, जणू दम घेते. सहाला अलगद खाली वळते आणि घळीच्या तळाशी, ओढ्याच्या कडेने, नजरेआड होते. रोज. तीन हंगाम मी याच झाडावर बसलो आणि शेवटचा तास, जेव्हा हरणं निघतात, माझा वास त्यांच्या वाटेवर ओतत होतो. ते कळलं त्या संध्याकाळी शिकार नव्हतीच डोक्यात, नुसता त्या तंतूंकडे बघत बसलो.

मचाण हलवलं. आता पलीकडच्या धारेवर, ओढ्याच्या दोन वाटा मिळतात त्याच्या वरच्या खांद्यावर. तिथून गार हवा मागच्या घळीत उतरते, हरणांची वाट समोरून जाते. चढायची वाटही बदलली. वीस मिनिटं जास्त चालावं लागतं.

एकाने नराला भुलवायला मादीच्या मूत्राची बाटली वापर असं सुचवलं. आमच्या भागात सीडब्ल्यूडी, म्हणजे हरणांचा मेंदूचा जीवघेणा रोग आहे, विस्कॉन्सिनमध्ये तो रोग २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला. त्याचे प्रायॉन (रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं) लाळेतून, मूत्रातून बाहेर पडतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. या रानात बाहेरून आणलेलं मूत्र मी ओतणार नाही.

---

सदाफुली | ७ ऑक्टोबर

सुरक्षेचा पट्टा बांधता ना? जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत? मचाणावरून पडून आलेले दोघं मी स्वतः पाहिले आहेत. दोघांचाही पट्टा गाडीत होता.

---

दरीकाठ | ७ ऑक्टोबर

बांधतो ताई. खालपासून वरपर्यंत दोर आहे, त्यावर सरकती गाठ, पट्टा कायम त्यात. बायकोने ते पाहिल्याशिवाय पहिल्या दिवशी जाऊ दिलं नव्हतं.

---

उत्तरवारा | १९ नोव्हेंबर

वही समोर ठेवून लिहितो आहे.

नाणं एकदाही मोडलं नाही, अगदी तो मोठा नर खालून येत होता त्या दिवशीसुद्धा (काटा होता, यंत्र बंद होतं, तो बिनधास्त माझ्या खालून निघून गेला, फक्त मधे फांद्या होत्या म्हणून बाण सोडला नाही). चालू आणि बंद, दोन्ही पानं शेजारी ठेवली. दोन्हीकडे दचकलेली आहेत, दोन्हीकडे न दचकलेली आहेत. पानांवरची खूण झाकली तर कुठलं पान कुठलं हे मला स्वतःला ओळखता येत नाही. संख्या लहान आहे, तिच्यावरून मी जगाला काही सांगणार नाही. पण हजारेक यार्ड चालून रोज ते यंत्र आणि दोन बॅटऱ्या वाहून न्यायचं कारण माझ्यापुरतं संपलं.

त्यापेक्षा महत्त्वाचं. ओझरकरांच्या पोस्टनंतर माझा सुरक्षेचा पट्टा नीट तपासला. तीन वर्षं तो घरी ओझोन सोडलेल्या कपाटात कपड्यांबरोबर ठेवत होतो, रोज. मांडीच्या पट्ट्यांतलं इलॅस्टिक ताणलं की परत येत नव्हतं, आणि बोटाने दाबल्यावर आतले रबराचे धागे करकरत तुटलेले जाणवले. मुख्य पट्टा बाहेरून ठीक दिसत होता. मी तो कापून टाकला, दुसऱ्या कुणी उचलून वापरू नये म्हणून. नवा घेतला. बुटांच्या टाचेजवळही भेगा आहेत. ज्यांच्याकडे असं कपाट आहे त्यांनी आजच जाऊन पट्टा बघा, उद्या नाही.

सदाफुलीताई, खोकला ऑक्टोबरच्या शेवटीच थांबला. यंत्र तेव्हापासून बंद आहे. डॉक्टरांकडेही जाऊन आलो. फुफ्फुसांची फुंकून करायची तपासणी झाली, ठीक आहे.

---

सदाफुली | १९ नोव्हेंबर

ही या धाग्यावरची सगळ्यात चांगली बातमी आहे. तरी वर्षभराने परत तपासणी करा.

---

दरीकाठ | २३ नोव्हेंबर

उत्तरवारा, वाचून अंगावर काटा आला. माझाही पट्टा आत्ताच जाऊन चाचपला. ठीक आहे.

इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी रायफलचा नऊ दिवसांचा मोसम सुरू होतो. राज्यात साडेपाच लाखांच्या आसपास लोक रानात उतरतात, म्हणून त्याआधी धनुष्य घेऊन जायचं ठरवलं होतं. १२ तारखेला, संध्याकाळी साडेचारच्या सुमारास, नव्या मचाणावर. म्हातारी पाठीमागच्या घळीत उतरत होती. ओढ्याकडून एक मादी आली, एकटी, पाडसाशिवाय. ती १८ यार्डांवर आडवी उभी राहिली. तिने एकदाही मान वर केली नाही. बाण सोडला, ती साठ-सत्तर पावलं धावली आणि पडली. मी अर्धा तास तसाच बसून राहिलो, मग खाली उतरलो. तिच्याजवळ गेल्यावर आपोआप हात जोडले गेले.

डोकं वनखात्याच्या पेटीत तपासणीला दिलं आहे, सीडब्ल्यूडीसाठी, फुकट असते. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये, कुणालाही द्यायचं नाही. अर्धं आमच्याकडे आणि अर्धं आजोबांना, असं ठरलं आहे. शाकंभरीताई, तुमचा प्रश्न मी विसरलो नाही, त्या अर्ध्या तासात तोच डोक्यात होता.

मिल्कवीडच्या दोन शेंगा उरल्या होत्या. काल मुलीला मागच्या अंगणात फोडून दाखवल्या. तिने बहुतेक सगळ्या म्हाताऱ्या एकदम सोडल्या आणि त्या कुंपणावरून पलीकडे आजोबांच्या कोठारामागे गेल्या. उरलेलं बी तिथेच ओलीत पेरणार आहे.